मामलेदार कोर्टात नेमकं काय ठरतं?

मे महिना संपत आला की तहसील कचेरीत एका ठरावीक प्रकारचे अर्ज वाढतात. मशागतीसाठी ट्रॅक्टर शेतात न्यायचा असतो आणि नेमकं तेव्हाच कळतं, की शेजाऱ्याने वाट नांगरून टाकली आहे, आडवा चर खणला आहे, नाहीतर बाभळीच्या फांद्या टाकून वाटेचं तोंड बंद केलं आहे. अर्ज तहसीलदाराकडे जातो. नोटिसा निघतात, तारीख पडते, दोन्ही बाजूंचे वकील उभे राहतात. टेबलावर सातबारे, फेरफार आणि आजोबांच्या काळातली खरेदीखतं येतात आणि जमीन कोणाची यावर जोरदार वाद होतो. निकाल हातात पडतो तेव्हा त्यात मालकीबद्दल चकार शब्द नसतो. हरलेला म्हणतो, माझे कागद वाचलेच नाहीत. जिंकलेल्याला वाटतं, वाट आता कायमची आपली झाली. दोघांचाही गैरसमज झालेला असतो.

तहसीलदार म्हटलं की दाखले, रेशनकार्ड, पीकपाणी, वाळूच्या गाड्या आणि निवडणुका एवढंच डोळ्यासमोर येतं. पण तोच माणूस आठवड्यातले काही तास न्यायाधीशाचं काम करतो, आणि तेही एका नव्हे तर तीन-चार वेगवेगळ्या कायद्यांखाली. त्यातला सगळ्यात जुना आणि अजूनही रोज वापरात असलेला कायदा म्हणजे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. सरकारी कागदांत मामलेदाराचा तहसीलदार होऊन कितीतरी वर्षं झाली. तरी या कायद्याने जुनं नाव जपलं आहे. लोकांच्या तोंडी मामलेदार कचेरी आहेच, आणि ठाण्यात तर कचेरीशेजारच्या मिसळीलाही तेच नाव चिकटलं आहे.

या कायद्याचा जीव आहे कलम ५. शेतजमीन, कुरण, झाडं, पीक, मासेमारीची जागा किंवा शेतीसाठी वापरलं जाणारं विहीर-तळ्याचं, पाटाचं पाणी यांतलं काही तुमच्या ताब्यात किंवा वापरात होतं आणि कायद्याचा मार्ग सोडून कोणी ते हिरावून घेतलं, तर मामलेदार ते परत मिळवून देऊ शकतो. वरच्या शेतातून नैसर्गिक उताराने वाहणारं पाणी कोणी बेकायदा बांध घालून अडवलं आणि त्याने पिकाचं नुकसान होत असेल, तर तो अडथळा काढायला लावू शकतो. शेतात जाण्याच्या रस्त्याला किंवा वहिवाटीच्या वाटेला कोणी आडकाठी केली, किंवा करायचा प्रयत्न केला, तर मनाई हुकूम देऊ शकतो. यातल्या कुठल्याही कामासाठी ‘मूळ मालक कोण’ हा प्रश्न त्याला विचारावाच लागत नाही. त्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. अर्जदाराचा ताबा किंवा वापर होता का? सामनेवाल्याने तो कायदेशीर मार्गाने न जाता मोडला का? आणि हे सहा महिन्यांच्या आत घडलं का?

हा तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त दावे मारतो. अडथळा पहिल्यांदा झाला त्या दिवसापासून सहा महिन्यांत दावा दाखल झाला पाहिजे. शेजारी आहे, नातेवाईक आहे, पाडव्याला बोलू, सुगी झाली की बघू असं करत वर्ष जातं आणि मग अर्ज येतो. तो टिकत नाही. आपल्याकडे भांडण कोर्टात नेण्याआधी चार माणसांत बसवायची रीत आहे आणि ती चांगलीच आहे, पण मुदत तिच्यासाठी थांबत नाही. बोलणी चालू ठेवूनही दावा दाखल करता येतो, हे तलाठ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं तर निम्मे दावे वाचतील असं माझं मत आहे.

समजा, एका गटातला शेतकरी वीस वर्षं शेजारच्या गटातून बैलगाडी नेतो आहे. वाटेची कुठे नोंद नाही. शेजाऱ्याने जमीन विकली, नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं. तो सातबारा दाखवून म्हणतो, जमीन माझी, वाट नोंदलेली नाही, मग अडवली तर बिघडलं काय? मामलेदार कोर्टात हे उत्तर पुरेसं ठरत नाही. वाट वापरात होती आणि ती परस्पर बंद केली एवढं सिद्ध झालं की कुंपण उघडावं लागतं. नव्या मालकाला वाट खरंच नको असेल तर त्याने दिवाणी कोर्टात जाऊन हक्क ठरवून घ्यावा. मामलेदाराचा हुकूम दिवाणी कोर्टाचा निकाल येईपर्यंतच टिकतो, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. थोडक्यात, मूळ हक्काचं भांडण संपेपर्यंत कोणी हातघाईवर येऊ नये आणि पेरणी बुडू नये, म्हणून केलेली ही तात्पुरती सोय आहे. तात्पुरती असली तरी ती अनेकदा शेवटची ठरते, कारण पुढे दिवाणी कोर्टात जाण्याइतका पैसा आणि दम फार थोड्यांकडे असतो.

वाट कधी नव्हतीच, पण आता हवी आहे, असं असेल तर कलम ५ उपयोगाचं नाही. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ आहे. वाटण्या होत होत गटाचे तुकडे पडतात आणि मधल्या भावाच्या तुकड्याला कुठूनच रस्ता राहत नाही. अशा वेळी तहसीलदार दुसऱ्यांच्या जमिनीच्या बांधावरून, म्हणजे सीमेवरून, रस्ता देऊ शकतो. शेताच्या मधून नाही. इथे सहा महिन्यांची अट नाही. तहसीलदाराने पाहायचं असतं ते एवढंच, की कसणाऱ्याला शेतात पोचण्यासाठी वाजवी मार्ग हवा आहे का, दुसरा मार्ग आहे का, आणि कोणाचं कमीत कमी नुकसान होईल. निकाल पटला नाही तर एका वर्षात दिवाणी दावा लावता येतो, आणि तो लागला की महसुलातलं अपील-फेरतपासणी बंद होते.

अर्ज लिहून देणारे बरेचदा दोन्ही कलमं एकत्र ठोकून देतात. ‘वहिवाटीचा रस्ता अडवला आहे, तो खुला करून द्यावा अथवा नवीन रस्ता द्यावा.’ वाचायला सोयीचं वाटतं, पण एकात म्हणायचं की वाट होती आणि दुसऱ्यात म्हणायचं की वाटच नाही. समोरचा वकील अशा अर्जाची वाटच पाहत असतो.

महसूल गोळा करणाऱ्या माणसाकडे हे न्यायदान आलं कुठून, याचं उत्तर पेशवाईत सापडतं. तेव्हा मामलतदार किंवा कमाविसदार हा एखाद्या सुभ्याचा किंवा परगण्याचा सरकारी कारभारी असे. वसुली, बंदोबस्त, शिबंदी म्हणजे स्थानिक शिपाई आणि फिर्यादी ऐकणं, सगळं त्याच्याचकडे. त्याने मोकाट सुटू नये म्हणून फडणीस, मजुमदार, दफ्तरदार असे दरकदार, म्हणजे हिशेब-दफ्तर सांभाळणारे अधिकारी, थेट पेशव्यांच्या दरबारातून नेमले जात आणि देशमुख-देशपांडे हे वतनदार त्याच्यावर डोळा ठेवून असत. गावातलं भांडण आधी पाटलाकडे जाई. तिथे मिटलं नाही तर पंचायत बसे. पंच साक्षी ऐकत, कागद पाहत आणि निर्णय देत. पण तो निर्णय अमलात आणायची ताकद पंचायतीकडे नव्हती; तिथे सरकारचा माणूस लागे, आणि तो म्हणजे मामलतदार. म्हणजे न्याय पंचांचा आणि हात सरकारचा, अशी विभागणी होती.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला. त्याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात या सगळ्या व्यवस्थेचं बारीक वर्णन आहे. पंचायतीबद्दल त्याला आदर होता, पण तो भाबडा नव्हता. पंच वेळेवर जमत नाहीत, कामं रेंगाळतात, वजनदार माणसापुढे गरीब टिकत नाही, हे त्याने नोंदवलं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परगणे मक्त्याने देण्याची पद्धत बळावली होती आणि त्यावर त्याचा रोख होता. जास्त बोली लावणाऱ्याला मामलत मिळे, तो ती पुढे पोटमक्त्याने विकी, आणि न्याय मागायला आलेली रयत त्याच माणसापुढे उभी राही ज्याला तिच्याकडून पैसा वसूल करायचा असे. मामलतदार पगारी असावा, कलेक्टरच्या हाताखाली असावा आणि त्याचा मुलूख लहान असावा, हे इंग्रजांनी ठरवलं ते या अनुभवावरून. मामलेदार आणि तालुका यांची आज जी जोडी आपल्याला स्वाभाविक वाटते, ती तेव्हापासून घट्ट झाली.

पुढे दिवाणी कोर्टं आली, मुन्सफ आले, १८२७ चे मुंबई इलाख्याचे कायदे आले. मग जमिनीच्या ताब्याचे वाद मामलेदाराकडेच का राहिले? कारण व्यवहारी होतं. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो आणि पीक तीन-चार महिन्यांत हातातून जातं. कोर्ट जिल्ह्याच्या गावी असतं, मामलेदार दौऱ्यावर असतो आणि त्याच्या हाताखाली कुलकर्णी-तलाठी असतात, ज्यांना कोण काय कसतो हे तोंडपाठ असतं. म्हणून १८६४ मध्ये मामलेदार कोर्टांसाठी मुंबई सरकारने कायदा केला, १८७६ मध्ये तो नव्याने लिहिला आणि १९०६ मध्ये पुन्हा. आज वापरात आहे तो हा तिसरा. जागेवर जाऊन पाहणं, कमी लिखापढी, कमी मुदत आणि अपील नाही, या चार गोष्टी त्यात आहेत. अपील नाही याचा अर्थ दादच नाही असा नव्हे. जिल्हाधिकारी कागद मागवून फेरतपासणी करू शकतो, आणि प्रत्यक्षात हे काम बहुधा प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, सोपवलेलं असतं.

एकाच हातात एवढी सत्ता ठेवली की काय होतं, हे १८८८ च्या क्रॉफर्ड प्रकरणाने दाखवलं. आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर होता. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नावाचं, तोच. बढत्या आणि सोयीच्या बदल्या यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर झाला. मामलेदारांनी खरं सांगावं म्हणून सरकारने त्यांना अभय दिलं. त्यांनी सांगितलं आणि मग पेच उभा राहिला. हे मामलेदार मॅजिस्ट्रेटही होते. ज्याने आपली खुर्ची पैसे देऊन टिकवली असं स्वतःच कबूल केलं, त्याने दुसऱ्याला शिक्षा कशी सुनावायची? प्रश्न थेट इंग्लंडच्या पार्लमेंटात गेला. काही मामलेदारांना घरी जावं लागलं. दिलेला शब्द सरकार मोडतं आहे म्हणून लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू घेतली. शेवटी १८८९ मध्ये त्यांना संरक्षण देण्यासाठी खास कायदा करावा लागला. खुद्द क्रॉफर्डवरचे लाचेचे आरोप आयोगाने सिद्ध मानले नाहीत. हाताखालच्या मुलखातून कर्ज घेतल्याबद्दल मात्र त्याची नोकरी गेली. या सगळ्यात टिळकांची बाजू मला पटते, पण त्या वेळी विचारलेला प्रश्नही खोटा नव्हता.

याच काळातला दुसरा टोकाचा नमुना बागलाणातला. यशवंत महादेव भोसेकर सटाण्याला मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातले १ लाख २७ हजार रुपये लोकांना वाटले आणि तपासणी झाली तेव्हा तिजोरी भरलेली निघाली, अशी कथा तिकडे घरोघरी सांगतात. कथेतला चमत्कार ज्याने त्याने ठरवावा. सटाण्यात त्यांचं मंदिर आहे, यात्रा भरते आणि लोक त्यांना देव मामलेदार म्हणतात. महसूल खात्यातल्या माणसाला देवपण मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

फौजदारी अधिकारांचं पुढे काय झालं? घटनेच्या अनुच्छेद ५० ने न्याय आणि कारभार वेगळे करायला सांगितलं. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्येच कायदा केला आणि १९७४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही फारकत देशभर पक्की केली. खटला चालवणं, शिक्षा देणं न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेलं. तहसीलदाराकडे उरलं ते कार्यकारी दंडाधिकाऱ्याचं काम: शांतता राखण्यासाठी जामीन-मुचलका घेणं, जमिनीवरून मारामारी व्हायची शक्यता असेल तर ताब्याबद्दल हुकूम देणं, इस्पितळात भाजलेल्या माणसाचा मृत्यूपूर्व जबाब घेणं. ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती यातली जामीन-मुचलक्याची कारवाई. १ जुलै २०२४ पासून या कामाला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. जामीन-मुचलक्याचं जुनं कलम १०७ आता १२६ झालं, ताब्याच्या हुकमाचं १४५ आता १६४. पोलीस ठाण्यात आणि कचेरीत मात्र अजून १०७ च बोललं जातं.

मामलेदाराच्या कोर्टाने महाराष्ट्राचा चेहरा सगळ्यात जास्त बदलला तो कुळकायद्यात. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ खाली कोण कूळ, कोण शेतकरी हे ठरवायचा अधिकार मामलेदाराला होता आणि दिवाणी कोर्टाला त्यात हात घालायला मनाई होती. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. मग शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून बसलेल्या मामलेदाराने एकेक प्रकरण कलम ३२ ग खाली चालवून किंमत ठरवायची होती. कागदावर हे क्रांतिकारक होतं. पण त्याच कलमात एक फट होती. कूळ तारखेला आलं नाही, किंवा जमीन घ्यायची नाही असं म्हणालं, तर खरेदी निष्फळ ठरे. मालक गावातला मोठा माणूस, त्याच्या ओसरीवर कुळाचा बाप जेवलेला, त्याचंच कर्ज डोक्यावर. अशा माणसाने कचेरीत उभं राहून ‘मला नको’ म्हणणं किती सोपं होतं, याचा विचार करावा. कुठे मामलेदाराने खोदून विचारलं आणि जमीन वाचली. कुठे जबाब लिहून अंगठा घेतला आणि प्रकरण निकाली काढलं. कायदा एकच होता. या जबाबांवरचे वाद आजही वरच्या कोर्टांत निघतात.

गोव्यात अधिकाऱ्याचं नाव अजून मामलेदारच आहे. पोर्तुगीज राजवट १९६१ मध्ये संपली आणि १९६६ मध्ये तिथे मामलेदार कोर्टाचा स्वतंत्र कायदा आला, मुंबईच्याच धर्तीवर. पण तिथल्या मामलेदारापुढे आणखी एक वेगळा पक्षकार येतो, मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिलं आणि कोण मुंडकार हे मामलेदार ठरवतो. देवस्थानांचा प्रशासक म्हणूनही गोव्याच्या मामलेदारावर जबाबदारी असते, त्यामुळे महाजनांची, म्हणजे देवळाच्या हक्काच्या सभासदांची, भांडणंही त्याच्याच टेबलावर येतात. तिकडच्या वर्तमानपत्रांत मामलेदार हा शब्द इतका येतो, की घाटावरच्या वाचकाला जुना काळ वाचतोय असं वाटावं.

महाराष्ट्रात अडचण कायद्याची नाही, वेळेची आहे. ज्या अधिकाऱ्याने सुनावणी घ्यायची, त्यालाच त्या दिवशी मंत्र्यांचा दौरा, पंचनामे, मतदार यादी, आंदोलकांचं निवेदन असतं. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे वाक्य कोर्टाच्या तारखेला ऐकावं लागतं. सहा महिन्यांची मुदत पक्षकारावर काटेकोर. निकाल कधी लागेल याला मात्र प्रत्यक्षात धरबंध नाही. निकाल लागल्यावरही रस्ता उघडायला मंडळ अधिकारी, पोलीस बंदोबस्त आणि जेसीबी एका दिवशी जमवावे लागतात. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्ते किमान ३ ते ४ मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी असा निर्णय घेतला. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरच्या काळात बैलगाडीची रुंदी पुरत नाही, हे उशिरा का होईना मान्य झालं. नोंद खरोखर होत गेली तर पुढच्या पिढीचे बरेच दावे उभेच राहणार नाहीत.

तोवर ज्याची वाट अडली आहे त्याने कचेरीत जाताना खरेदीखतांच्या चळतीपेक्षा वेगळी तयारी करावी. आधी गावनकाशाची नक्कल काढावी. त्यात तुटक दुहेरी रेघांनी गाडीमार्ग आणि एकेरी रेघेने पायवाट दाखवलेली असते. वाट नकाशावरच असेल तर निम्मं काम झालं. अडथळा कोणत्या तारखेला झाला हे अर्जात स्पष्ट लिहावं, ‘काही दिवसांपूर्वी’ असं नको. दोन्ही गटांचे नंबर, वाट कुठून कुठे जाते, किती रुंद, आणि त्याच वाटेने जाणाऱ्या इतर शेतकऱ्यांची नावं द्यावीत, कारण तेच उद्याचे साक्षीदार. ऊस किंवा कांदा त्या वाटेने बाहेर गेल्याच्या पावत्या असतील तर त्या खरेदीखतापेक्षा जास्त बोलतात. स्थळपाहणीची मागणी करावी आणि त्या दिवशी शेतात हजर राहावं. पंचनाम्यात काय लिहिलं ते सही करण्याआधी वाचावं, पटलं नाही तर तिथेच लेखी हरकत नोंदवावी. पंचनामा एकदा फायलीला लागला की प्रांतापासून उच्च न्यायालयापर्यंत सगळे तोच कागद उघडून बघतात.